प्राइमसने शिवलेली टोपली

"मॅडम, साहेबाला भात लावायला शिकवलं कुणी?"

हा प्रश्न कझायाचा नव्हता. तिच्या मैत्रिणींनी पैज लावून तिला तो विचारायला लावला होता. रोनेशा म्हणाली होती, विचारून दाखव, नाहीतर तू भित्री. डेलफिन म्हणाली होती, ही कसली विचारतेय, हिच्या घशाला आत्ताच कोरड पडलीय. झालं! कझाया उठलीच. मागच्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा जिचा आवाज बाकाखाली जाऊन बसायचा, तिला यंदा नुकती कुठे धिटाई आली होती, आणि नव्या चपला घातलेलं मूल कसं उगीचच अंगणभर धावतं, तशी ती त्या धिटाईला घेऊन धावत होती. तिला डिवचायचाच अवकाश.

वर्ग खो-खो हसला. मिस बेलिंजर हसल्या नाहीत. इतिहासाच्या पुस्तकात लिहिलं होतं की मळेवाल्या साहेबांनी या किनाऱ्यावर भातशेती आणली आणि तिच्यासाठी आफ्रिकेतून मजूर आणले. संपलं. कझायाच्या सगळ्या पूर्वजांना त्या एका ओळीत कोंबलं होतं, जहाजात कोंबलं होतं तसंच.

मिस बेलिंजर याच बेटावर वाढलेल्या, कझायासारख्याच काळ्या. त्या पानाकडे बघत म्हणाल्या, ते परीक्षेला नाही. आणि मग त्यांचा चेहरा असा उतरला, जणू हे वाक्य लहानपणी त्यांनाही कुणीतरी ऐकवलं होतं.

उत्तर मला ठाऊक होतं. मी तिथेच होते, कझायाच्या बाकावर! त्या दिवशी मुलांनी घरातली एकेक जुनी वस्तू आणायची होती. कुणी कोळशाची इस्त्री आणली, कुणी कंदील आणला, कझायानं मला आणलं. पण टोपलीला कोण विचारतं?

मित्रांनो, मी एक जुनी पाखडायची टोपली आहे. अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर माझा जन्म झाला. मी गोल आहे, उथळ आहे, आणि एवढी मोठी आहे की मला धरायला दोन्ही हात पुरते पसरावे लागतात. माझं वय शंभराच्या पुढे आहे, नेमकं विचारू नका. माझ्या बुडाचे टाके आता सुटायला लागले आहेत. म्हणून मी जरा घाईनं सांगते आहे. माझ्याकडे वेळ फार थोडा उरला आहे.

मला प्राइमस केपर्स नावाच्या माणसानं केलं. प्राइमसचा बाप गुलामगिरीत जन्मला आणि मोकळा होऊन मेला. प्राइमस मोकळाच जन्मला. खाडीच्या कडेनं वाढणारा लव्हाळा त्यानं कापून आणला, वाळवला, त्याच्या जुड्या केल्या आणि जुडीभोवती जुडी गोल फिरवत, ताडाच्या पानांच्या चिवट पट्ट्यांनी मला शिवलं. हो, शिवलं. आम्हाला विणत नाहीत, शिवतात. एका मोडक्या चमच्याचा दांडा घासून त्यानं दाभण केला होता. तो दाभण माझ्या अंगातून आरपार जायचा तेव्हा मला दुखायचं नाही, उलट आपण कुणीतरी होतोय असं वाटायचं. प्राइमसला हे बापानं शिकवलं, बापाला त्याच्या बापानं. त्याच्या मागे समुद्र आहे आणि समुद्राच्या पलीकडे तेच काम करणारे हात आहेत.

माझं कामही सांगते. बायका उखळात साळ कांडायच्या आणि माझ्यात घ्यायच्या. मग खाडीवरचा वारा बघून मला असा झटका द्यायच्या की दाणे उंच उडायचे, कोंडा वाऱ्यावर जायचा आणि पांढरे तांदूळ परत माझ्या पोटात पडायचे. एक दाणा खाली सांडायचा नाही. काय थाट होता माझा तेव्हा! कुठल्या जमिनीत साळ धरेल, भरतीचं पाणी कधी आत घ्यायचं, ओहोटीला बांधाचं फाटक कधी उघडायचं, हे त्या लोकांना अंगच्या घामासारखं माहीत होतं. साहेबानं त्यांना नुसते हात-पाय म्हणून आणलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात भात होता म्हणून आणलं होतं. पुस्तक हेच सांगत नाही, मित्रांनो, आणि इथेच माझा जीव तुटतो.

माझं आणखी एक काम होतं आणि ते मला सगळ्यांत प्रिय होतं. घरात मूल जन्मलं की त्याला माझ्यात निजवायचे. आमच्या बेटावर प्रत्येक मुलाला दोन नावं असतात. एक जगासाठी, ते चर्चमध्ये ठेवतात. दुसरं घरासाठी, ते मूल टोपलीत मावतं तोवरच ठेवायचं, म्हणून त्याला टोपलीतलं नाव म्हणतात. प्राइमसच्या घरात पहिली मुलगी झाली की ती सिया आणि दुसरी झाली की ती कुंबा. का? कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्यात असंच असतं, एवढंच म्हणायचे. ती नावं मी माझ्या पोटातल्या बाळांच्या कानात पडताना ऐकली आहेत. त्या नावांनी ती बाळं हसायची.

मग शाळा आली.

शाळा वाईट असं मी कसं म्हणू? शाळेसाठी प्राइमसनं स्वतः लाकडं वाहिली होती. पण त्याची धाकटी कुंबा शाळेत गेली ती पहिल्याच दिवशी एस्थर होऊन परतली. दूरच्या शहरातून आलेल्या बाईंनी तिला प्रेमानं सांगितलं होतं की ते दुसरं नाव रानटी आहे, विसरून जा. एस्थरनं घरी येऊन मला दाराआड नेऊन ठेवलं. पाहुण्यांना दिसायला नको म्हणून. प्राइमसनं चमच्याचा दाभण खिशात टाकला आणि तो खाडीकडे निघून गेला.

नंतर मोठमोठी वादळं आली, बांध फुटले, खारं पाणी शेतात शिरलं. भात संपला. दुकानातून पोत्यात तांदूळ येऊ लागला, पाखडायची गरज उरली नाही. माझ्यात कधी कांदे ठेवले, कधी कपड्यांचे चिमटे. शेवटी एका खिळ्यावर मला भिंतीला टांगलं. पुलावरून मोटारी येऊ लागल्या तशा हौशी बायका यायच्या. एक बाई मला कुरवाळत म्हणाली, किती गोड विणली आहे, आमच्या हॉटेलच्या भिंतीवर शोभेल. घरात तेव्हा प्राइमसच्याच वंशातली फीबीमावशी होती, जिभेनं दाभणासारखी. ती म्हणाली, "विणली नाही बाई, शिवली आहे. आणि तुमच्या भिंतीला माझी भिंत ओळखत नाही." मी खिळ्यावर नाचायचीच बाकी राहिले होते.

पण फीबीमावशीची भाची लॉरेटा होती ना, तिचं काय झालं ते मला अजून सांगवत नाही. लॉरेटा म्हणजे कझायाची आई. पहिली मुलगी, म्हणून घरात सिया. एवढीशी होती. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं, तर तिनं घरचं नाव सांगितलं आणि पुढचं सगळं घरच्या बोलीत सांगितलं. बाईंनी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. तोंडातली घाण काढून मगच बोलायचं म्हणाल्या. लॉरेटा घरी आली आणि बोलायचीच बंद झाली. पुढे बोलली ती पुस्तकातल्यासारखं, एकेक शब्द धुऊन, घासून, पुसून. मी भिंतीवरून बघत होते. मला ओरडायचं होतं. अगं, तुझ्या तोंडात घाण नव्हती, तुझ्या तोंडात अख्खा किनारा होता! पण मला तोंड कुठे आहे? मी गोल, रिकामी, भिंतीवर टांगलेली. एकामागून एक मुलं शाळेत ताठ जायची आणि वाकून परत यायची, आणि मी नुसती बघायची.

लॉरेटाला दोन मुली झाल्या. फीबीमावशी तेव्हा खूप थकली होती, तरी हट्टानं तिनं दोघींना माझ्यात निजवलं आणि नावं कानात सांगितली. रेनाटा ती सिया. कझाया ती कुंबा. लॉरेटानं नाही म्हटलं नाही. फक्त पोरी मोठ्या झाल्यावर बजावलं, घरातलं नाव घरात. बाहेर कुणाला सांगायचं नाही, लोक हसतात. रेनाटा आता अटलांटाला हॉस्पिटलात नर्स आहे आणि तिला सिया म्हणून कुणी हाक मारत नाही. कझायाचं नाव मात्र रोनेशाला कळलंच, कारण रोनेशा यांच्या घरी अर्धी राहते आणि भात पूर्ण जेवते.

आता पुन्हा त्या प्रश्नाकडे येते.

तास संपल्यावर मिस बेलिंजर कझायाजवळ आल्या. मला हातात घेतलं आणि उलटं करून बुडाचे टाके पाहिले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मुख्याध्यापकांचं डोकं खाऊन शेवटच्या तासाला एक नवा वर्ग सुरू केला. ज्याला हवं त्यानं यावं. वर्गाचं नाव 'आपली माणसं'. कझायाच्या मैत्रिणी आधी टिवल्याबावल्या करायला आल्या. मग बाकं कमी पडू लागली. मुलं आजोबांना प्रश्न विचारून यायची. कुणाच्या पणजोबांनी होडी बांधली होती, कुणाच्या पणजीला झाडपाल्याची औषधं यायची. आपण खातो ती भेंडी, ती चवळी, ते तीळ, हे सगळं आपल्याच माणसांबरोबर समुद्रापलीकडून आलं, हे कळल्यावर डेलफिन म्हणाली, म्हणजे मी आजवर नाक मुरडून इतिहास खात होते.

मी रोज कझायाबरोबर वर्गात जायची आणि संध्याकाळी घरी यायची. मला मधल्या टेबलावर मान होता. आणि मग तो दिवस आला.

मिस बेलिंजरनी पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमधल्या एका शाळेशी संगणकाच्या पडद्यावर बोलणं जुळवून आणलं होतं. तिकडच्या मुली निळ्या गणवेशात दाटीनं बसल्या होत्या. आधी दोन्हीकडे नुसतं लाजणं आणि खिदळणं. मग कझायानं मला वर उचललं. पडद्यावरची एक मुलगी, तिचं नाव फिंडा, ताडकन उठली आणि पडद्याबाहेर पळाली. परत आली ती शाळेच्या स्वयंपाकघरातली टोपली घेऊन. माझ्याहून लहान होती, टाके जरा वेगळे होते. पण मित्रांनो, ती मी होते! एवढ्या आयुष्यात मी पहिल्यांदा माझ्या रक्ताचं कुणीतरी पाहिलं. फिंडानं ती झटकून दाखवली. हात तसेच, मनगटाचा झटका तसाच.

कझाया भान हरपून बघत होती आणि मी तिच्या हातातून निसटायला लागले. रोनेशा मागून ओरडली, "ए कुंबा, टोपली धर नीट."

पडद्यावरची फिंडा थांबली. "कुंबा? तुझं नाव कुंबा आहे?" मग तिनं अगदी सहज विचारलं, "मग सिया कुठे आहे?"

रेनाटाचं घरचं नाव तिला कुणीही सांगितलं नव्हतं. रोनेशालाही ते माहीत नव्हतं. फिंडा हसत समजावू लागली की त्यांच्याकडे पहिली मुलगी सिया, दुसरी कुंबा, तिसरी फिंडा, ते नाव ठरवावं लागतच नाही. मी तिसरी, ती म्हणाली, तू दुसरी, म्हणजे तुझ्या घरात एक सिया असलीच पाहिजे.

एवढा मोठा समुद्र मध्ये. साखळदंड, लिलाव, मळे, मोडलेली घरं, बदललेली नावं. सगळं काही हिरावून नेलं आणि तरी कुठल्यातरी आईनं आपल्या मुलींची जन्माची ओळ तेवढी घट्ट धरून ठेवली, आणि ती पुढे पुढे देत राहिली, का ते विसरल्यावरसुद्धा. कझाया टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. मग हसली. मग पुन्हा रडली. डेलफिन तिच्या पाठीवर हात ठेवून पडद्याला म्हणाली की ही बरी आहे, ही अशीच करते.

संध्याकाळी कझायानं हे आईला सांगितलं. लॉरेटा कोळंबी सोलत होती. तिचे हात थांबले. "मीही सियाच आहे," ती हळूच म्हणाली, आणि हे वाक्य इतक्या वर्षांनी ती घरच्या बोलीत म्हणाली. मग तिनं शाळेत भिंतीकडे तोंड करून उभं राहिल्याचंही सांगितलं.

इथे माझी गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. पण काही पालकांनी शाळा मंडळाकडे तक्रार केली. या वर्गामुळे मुलं जुन्या जखमा उकरतात, त्यांची मनं कडवट होतात, असं त्यांचं म्हणणं. मंडळानं लगेच ठराव तयार केला. गुरुवारच्या बैठकीत 'आपली माणसं' बंद करायचं आणि त्या तासाला गणिताची जादा तयारी घ्यायची. मिस बेलिंजरना सांगण्यात आलं की नोकरीत असलेल्यांनी बैठकीत बोलायचं नाही. विद्यार्थ्यांना बोलता येतं, पण कोण बोलणार? रोनेशाला घरून बंदी झाली. डेलफिनच्या आईनं तिला त्या दिवसापुरतं मामाकडे पाठवायचं ठरवलं. उरली कझाया. आणि कझायाचे वडील, आयझॅया, मंडळाचीच शाळेची बस चालवतात.

काल बुधवारी त्यांच्या घरात चवळी-भात झाला होता, पण कुणी धड जेवत नव्हतं. मी वर भिंतीवर होते. आयझॅयांनी सांगितलं की बसच्या आवारात त्यांच्या साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मुलगी फार हुशार आहे म्हणाले, गुरुवारी ती घरी अभ्यास करेल अशी आशा आहे म्हणाले. हसून म्हणाले. एवढंच. पण असं हसून बोललेलं माणसाला पुरतं.

"तू बोलशील, टाळ्या घेशील आणि घरी येशील," ते कझायाला म्हणाले. "शुक्रवारी पहाटे बसची किल्ली मागायला मला जायचंय, पोरी."

कझाया म्हणाली की टाळ्या कोण वाजवणार आहे, सगळे घरात लपून बसलेत. लॉरेटानं तिला दटावलं, वडिलांना उलट बोलायचं नाही. त्यावर कझाया आईकडे वळली. तिचा आवाज फुटत होता. त्यात आता ती नव्या चपलांची धाव नव्हती.

"आई, तू बोलली नाहीस. भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीस. त्यानं काय झालं?"

लॉरेटा ताटाकडे बघत राहिली. "मला कुणी सांगितलंच नाही गं," ती म्हणाली. "मला वाटायचं, आपणच चुकीचे आहोत. जन्मतःच."

मित्रांनो, मी तुमच्यापुढे पदर पसरला असता, पण टोपलीला पदर नसतो. तरी विनवते. गणित शिकवा, जरूर शिकवा. पण मूल शाळेत येतं तेव्हा त्याचं घरही त्याच्याबरोबर आत घ्या, दाराबाहेर चपलांसारखं काढून ठेवायला लावू नका. आपली माणसं कोण होती, त्यांना काय येत होतं, हे ज्या मुलाला कुणी सांगत नाही, ते मूल स्वतःच उत्तर तयार करतं, आणि ते उत्तर नेहमी एकच असतं: आम्हाला काहीच येत नव्हतं. हे खोटं मी किती मुलांच्या पाठीवर बसलेलं पाहिलं! प्राइमसचा दाभण कुठे हरवला ते कुणाला माहीत नाही. माझ्यासारखी दुसरी शिवणारा या बेटावर कुणी उरला नाही. माझे टाके तुटले तर तुटू देत, मी लव्हाळ्याची आहे, लव्हाळ्यात जाईन. पण मुलांचे टाके सुटू देऊ नका. त्यांना पुन्हा शिवणं फार कठीण असतं. कुणीतरी ऐका. माझं आयुष्य संपत आलं आहे आणि अजून कुणी ऐकलं आहे की नाही, ते मला कळत नाही.

आईचं ते बोलणं ऐकून कझाया उठली. खुर्ची मागे सरकवली. ती दाराकडे पळाली नाही. टेबलाशी उभी राहिली, दोघांच्या समोर.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "उद्या मी मंडळापुढे बोलणार आहे. आपण घरी बोलतो तसंच बोलणार आहे. त्यांनी वर्ग बंद केला तर रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात मी तो भरवीन. मला येतं तेवढं सांगीन, येत नाही ते विचारून घेईन. बाबा, तुमच्या बसची मला भीती वाटते, खरंच खूप वाटते. पण गप्प बसायची त्याहून जास्त वाटते. तुम्ही दोघं आलात तर पुढच्या रांगेत बसा. नाही आलात, तरी मी बोलणार आहे."